तीन कोटेशनांचा योद्धा

तीन कोटेशनं मागवल्याशिवाय जितेंद्र खानविलकरांनी आयुष्यात काही घेतलं नाही. कारखान्यासाठी नाही आणि घरासाठीही नाही. वसई पूर्वेला नळाच्या तोट्या बनवणाऱ्या एका कारखान्यात ते एकोणीस वर्षं खरेदी विभागात होते, आणि खरेदी विभागात एवढी वर्षं काढली की माणूस पाणीपुरी खायच्या आधीसुद्धा पलीकडच्या दोन गाड्यांवर भाव विचारून येतो. लग्नही त्यांनी तीन स्थळं पाहूनच केलं. मीराताई म्हणजे तिसरं कोटेशन. पहिल्या दोघींकडून उत्तरच आलं नव्हतं, ही गोष्ट मात्र कुठल्या तक्त्यात नोंदलेली नाही.

असा माणूस ऑनलाइन खेळाच्या नादाला लागला, याचं विरारच्या मनवेलपाड्यातल्या ‘साईछाया’ सोसायटीत आजही आश्चर्य करतात. पण त्याला कारण होतं. खानविलकरांचं कोणी ऐकत नसे. कारखान्यात साहेब ऐकत नसत. पुरवठादार ‘हो साहेब, उद्या साहेब’ म्हणत आणि माल पुढच्या महिन्यात पाठवत. शेअर रिक्षावाल्याला ‘इथेच, इथेच’ म्हणून ओरडलं तरी तो पन्नास पावलं पुढे नेऊन सोडी, आणि खानविलकर ती पन्नास पावलं रोज मागे चालत येत. घरी मीराताई आठ ते नऊ हॉलमध्ये दहावीचा बीजगणिताचा वर्ग घेत. टीव्ही हॉलमध्ये, फ्रिज हॉलमध्ये, गॅलरीचं दार हॉलमध्ये. त्या तासाला खानविलकर बेडरूममध्ये पलंगाच्या कडेला बसून राहत. खोकला आला तर उशीत खोकत.

अशात एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत डिस्पॅचचा शॉन लोपीस डबा घेऊन समोर येऊन बसला. शॉन वसईजवळच्या पापडी गावचा, वय वर्षं चोवीस. शिक्का नाही म्हणून खानविलकरांनी त्याचा गेटपास आठवड्यातून दोनदा तरी परत पाठवलेला असे.

“सर, काल आम्ही किल्ला घेतला,” शॉन म्हणाला. “चाळीस जणं होते माझ्या हाताखाली.”

“कुठला किल्ला? वसईचा?”

“नाय ओ सर, ऑनलाइन. रोल-प्लेइंग गेम. आपण एक कॅरेक्टर व्हायचं, योद्धा, जादूगार, काय पण. एकाच टायमाला सगळीकडची लोकं खेळतात. मी कमांडर आहे.”

खानविलकरांनी भाकरीचा तुकडा हातातच धरला. “आणि ही चाळीस माणसं तू सांगशील ते करतात?”

“मग! मी बोललो थांबा, की थांबतात.”

खानविलकरांनी तो तुकडा डब्यात परत ठेवला. ज्या पोराला साधा शिक्का कुठे मारायचा ते कळत नाही, त्याने ‘थांबा’ म्हटलं की चाळीस माणसं थांबतात! आणि आपण म्हटलं तर रिक्षा थांबत नाही. त्या दुपारी त्यांनी ठरवलं. रोजचा एक तास, फक्त एक तास, आपणही योद्धा व्हायचं. कोणीतरी आपली वाट पाहील, कोणीतरी आपल्याला विचारील. याहून जास्त त्यांना काही नको होतं.

मीराताईंनी प्रस्ताव ऐकून घेतला आणि वही तपासता तपासताच मंजूर केला. “महिन्याला दोनशे. वर एक रुपया नाही. वेळ आठ ते नऊ. आणि बाहेर आवाज आला, तर तुमची लढाई आणि तुम्ही, दोघं जिन्यात.”

कुठल्याही शहाण्या माणसाने यापुढे एक खेळ उतरवून घेतला असता आणि खेळायला लागला असता. शॉनने तर मोबाइल हातात घेऊन बोट वर धरलंही होतं. पण खानविलकर म्हणाले, “पद्धत असते, लोपीस.” त्यांनी शॉनकडून खेळांची नावं लिहून घेतली, आणि त्यांतल्या तीन खेळांच्या कंपन्यांना रीतसर चौकशीपत्रं धाडली. ‘महोदय, आपल्या खेळाचे दर, अटी, मुदत व विक्रीपश्चात सेवेचा तपशील सात दिवसांत कळवावा.’

दोघांकडून काहीच आलं नाही. तिसऱ्याकडून मात्र अर्ध्या मिनिटात उत्तर आलं. त्याची सुरुवातच अशी होती: ‘हे धाडसी योद्ध्या, तुझा संदेश आम्हाला पोचला आहे!’ खाली तक्रार क्रमांक होता. यंत्राने पाठवलेलं उत्तर आहे, हे खानविलकरांना कळत नव्हतं असं नाही. पण एकोणीस वर्षांत त्यांना आलेल्या प्रत्येक पत्राचा मायना ‘आपल्या स्मरणपत्राच्या संदर्भात’ असा होता. त्यांनी त्या उत्तराची प्रिंट काढली, दोनदा वाचली आणि फाइलला लावली.

मग शॉनने मोबाइलवर शोधून दिलेल्या दरांचा तुलनात्मक तक्ता झाला. पहिला खेळ ‘राइज ऑफ मोरवाना’. महिन्याला सहाशे, म्हणजे आपोआप बाद. दुसरा ‘आयर्न लोटस’. एकदाच पैसे भरायचे, पण खेळाचा पसारा एवढा की खानविलकरांच्या लॅपटॉपमध्ये तो मावायचा तर आधी लॅपटॉपच बदलायला हवा. शिवाय एकेक मोहीम तीन तासांची, मध्येच उठलात तर घोडा जप्त. तिसरा ‘अमरगड ऑनलाइन’. मोहीम वीस मिनिटांची आणि खेळ चक्क फुकट. जिंकलेला माल ठेवायला थैली हवी असेल तर महिन्याला एकशे एकोणपन्नास.

या ‘फुकट’ शब्दापाशी खानविलकर दोन दिवस अडले. दराच्या रकान्यात शून्य लिहिलं तर तपासणीला आलेला माणूस काय म्हणेल? कुठलाही माणूस तपासणीला येणार नव्हता, पण म्हणून काय पद्धत सोडायची?

हा तक्ता सोसायटीच्या वाचनासाठी नव्हता. पण झेरॉक्स काढायला ते खाली हितेशच्या दुकानात गेले, आणि हितेशच्या दुकानात झेरॉक्स निघते तेव्हा ती सगळ्या बिल्डिंगची निघते. दुसऱ्या मजल्यावरच्या संजनाताईंनी जिन्यात गाठून सांगितलं, की त्यांच्या दिराला अशाच खेळापायी चष्मा लागला, मग नोकरी गेली, मग सासुरवाडीला राहायला गेला. सेक्रेटरी कृष्णा सर म्हणजे निवृत्त बँकवाले. त्यांनी तक्ता डोळ्यांजवळ धरून शांतपणे विचारलं, “यात कॅरम का नाही?” खुद्द हितेश, जो झेरॉक्सबरोबर इंटरनेटचाही धंदा करी, म्हणाला, “दादा, गेम कुठलाही घ्या, पण आधी वायर बदला. तुमच्या नेटवर राक्षस येईपर्यंत राक्षसाला पेन्शन लागेल.”

वायर बदलायची म्हणजे ती गच्चीवरून डक्टमधून चौथ्या मजल्यापर्यंत ओढायची. आणि डक्टमधून दोरा जरी ओढायचा झाला तरी सोसायटीचं ना-हरकत पत्र हवं. खानविलकरांनी अर्ज केला. ‘विषय’ या शब्दापुढे काय लिहावं यावर त्यांनी दोन संध्याकाळी घालवल्या आणि अखेर ‘शैक्षणिक व तत्सम कारणासाठी’ असं लिहिलं. कमिटीच्या सभेत कृष्णा सरांनी तो मोठ्याने वाचला.

“तत्सम म्हनजे काय?” अध्यक्ष नथूकाकांनी विचारलं. नथूकाका मूळचे वसईकडच्या होळी गावचे. तिकडची वाडी पोरांत वाटून मुलाबरोबर विरारला राहायला आलेले. भाजीचे वाफे गेले, पण पाणी वळवायची सवय गेली नव्हती. सोसायटीची टाकी, मोटार आणि व्हॉल्व्ह यांवर त्यांचा जीव होता.

खानविलकरांनी घसा साफ केला. “राक्षसांशी लढायचंय.”

नथूकाकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

“लढा ना. आपन कोन नाय बोलनार? पन पान्याचं काय? आपल्याकडे पानी येतं एक दिवसाआड, सव्वाआठ ते नऊ. मोटार कोन लावनार, टाकीवर लक्ष कोन ठेवनार? वाघमारे गेले भाड्याची जागा सोडून, त्यांची पाळी मोकळी आहे. ती तुमी घ्या, वायर तुमची.”

इथे एक गोष्ट सांगायला हवी. टाकी भरली की मोटार आपोआप बंद करणारा स्विच ‘साईछाया’त पूर्वी होता. दोन वर्षांपूर्वी तो जळला. नव्या स्विचसाठी दोन कोटेशनं आली होती, आणि हातोहात खरेदी होणार, एवढ्यात सभेत एक गृहस्थ उठून म्हणाले, की तिसरं कोटेशन आल्याशिवाय सोसायटीचा एक पैसा खर्च होता कामा नये. ते गृहस्थ खानविलकरच. तिसरं काही आलं नाही, आणि तेव्हापासून चोवीस बिऱ्हाडांचं पाणी माणसाच्या हातावर चालत होतं. करावं तसं भरावं म्हणतात. खानविलकरांनी ना-हरकत पत्राच्या अटी नीट वाचल्या आणि सही केली. सही केली म्हणजे केली, यात त्यांच्यापुरता विषय संपत असे.

वायर आली. खानविलकर ‘अमरगड’च्या दारात उभे राहिले. दाराशी एकेचाळीस पानांच्या अटी होत्या. ‘वाचल्या’ असं म्हणून जगातली सगळी माणसं जिथे बोट दाबतात, तिथे खानविलकरांनी पेन्सिल काढली. सहा संध्याकाळी वाचून सतराव्या कलमातली विसंगती कंपनीला कळवली. तेवढ्यात नव्या खेळाडूला सात दिवस मिळणारी सोन्याची ढाल परत गेली, कारण ते सात दिवस खातं उघडल्यापासून मोजत होते. मग नाव. ‘रणधुरंधर’ गेलेलं होतं. ‘समशेर’, ‘वज्रबाहू’, ‘नरसिंह’ सगळी गेलेली. शेवटी यंत्राने स्वतःहून एक नाव सुचवलं आणि खानविलकर ‘धुरंधर४०२’ झाले. फ्लॅटचा नंबर तेवढा बरोबर आला याचं त्यांना समाधान वाटलं.

शॉनने त्यांना आपल्या ‘पापडी पलटणी’त घेतलं. पलटणीत बरीचशी त्याच्या आळीतली पोरं होती, त्याची चुलत बहीण एमिली धनुर्धारी होती, आणि दोन जण हैदराबादचे होते. बोलणं चाले कानाला लावलेल्या यंत्रातून. पण भिंतीपलीकडे मीराताई वर्गसमीकरणं सोडवत असल्यामुळे खानविलकरांना बोलता येत नसे. ते टाइप करत. ‘आदरणीय कमांडर’ एवढं टाइप होईस्तोवर राक्षस त्यांना मारून पुढे गेलेला असे. पहिल्या आठवड्यात ते अकरा वेळा मेले. त्यांतल्या चार वेळा एकाच बेडकाने मारलं.

“सर, बॉक्स दिसला की उघडायचा,” शॉन दुसऱ्या दिवशी कारखान्यात समजावी.

“पण त्यातला माल कोणाच्या ताब्यात द्यायचा? पोचपावती कोण देतो?”

शॉनने डोक्यावरची टोपी फिरवून उलटी घातली. त्याला खानविलकरांचा अपमान करायचा नव्हता, पण व्हायचा तो झालाच. तलवार धरता येत नाही तो माणूस पलटणीत ठेवायचा कुठे? शेवटी शॉनने त्यांना मागे भांडारात नेऊन सोडलं. औषधाच्या बाटल्या, बाण, शिरस्त्राणं, सगळं एका ढिगात पडलेलं. ज्याला जे लागेल ते तो उचलून नेई.

तो ढीग पाहून खानविलकरांच्या अंगावर काटा आला. आणि मग, पलटणीत आल्यापासून पहिल्यांदाच, त्यांना काय करायचं ते कळलं.

तीन आठवड्यांत पापडी पलटणीचं भांडार असं झालं की पाहत राहावं. बाणांची मोजदाद झाली. कुलूप बसलं. चावी एकच, धुरंधर४०२ यांच्याकडे. ज्याला काही हवं असेल त्याने मागणीपत्र टाकायचं: नाव, वस्तू, नग, कारण. एमिलीने एकदा कारणाच्या जागी ‘राक्षस’ एवढंच लिहिलं, तर ते ‘कोणता?’ असा शेरा मारून परत आलं. पोरं कुरकुरली, हसली, पण लिहायला लागली. संध्याकाळी आठला खानविलकर आत शिरले की पाच-सहा जण दाराशी उभे असत. ‘अंकल, दोन बाटल्या प्लीज.’ ‘सर, माझं झालं का?’ खानविलकर एकेकाला बघत आणि म्हणत, ‘थांबा.’ आणि ती थांबत! पलंगाच्या कडेवर बसलेला हा गृहस्थ त्या वेळी खरोखर सुखी होता. ज्या कामाला कंटाळून तो कारखान्यातून घरी येत होता, तेच काम तो घरी येऊन फुकट करत होता, हे त्याला कोणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

मग मोठ्या लढाईचा दिवस ठरला. काळ्या गडावर शनिवारी साडेआठला चढाई. तो शनिवार पाण्याचा दिवस होता, आणि पाळी खानविलकरांचीच होती. खानविलकरांनी वेळापत्रक आखलं. सव्वाआठला खाली जाऊन मोटार सुरू करायची, साडेआठला लढाई, आणि आठ बावन्नला टाकी भरते तेव्हा मोबाइलचा गजर. वीस मिनिटांत युद्ध संपेल असा त्यांचा अंदाज. पुरवठादारांच्या तारखांचे त्यांचे अंदाजही असेच असत.

आठ पन्नासला पापडी पलटण गडाच्या आतल्या दरवाजाशी पोचली आणि बाण संपले. समोर काळ्या गडाचा राक्षस, तिप्पट उंच, आणि चाळीस जण रिकाम्या भात्यांनी उभे. खानविलकरांच्या पुढ्यात एकदम चाळीस मागणीपत्रं येऊन पडली. त्यांनी पहिलं उघडलं, तपासलं, मंजूर केलं. दुसरं उघडलं. तेवढ्यात उशीखाली गजर वाजला.

“सर, बाण!” कानात शॉन ओरडत होता. “सर, पटकन!”

“अंकल, नुसती चावी द्या ना माझ्याकडे,” एमिली रडकुंडीला आली होती. “मी वाटते!”

चावी दुसऱ्याच्या हातात देणं नियमात बसत नव्हतं. आणि न देता उठणं… खानविलकर अर्धे उठले, अर्धे बसले. आयुष्यात प्रथमच चाळीस माणसं त्यांच्यासाठी खोळंबली होती. सगळं सोडून त्यांना तिथे राहायचं होतं, इतकं की डोळ्यांत पाणी आलं. पण वर टाकीलाही पाणी आलं होतं. आता ते वाहून गेलं की चोवीस बिऱ्हाडं दोन दिवस कोरडी, आणि खाली कागदावर सही त्यांची. आयुष्यभर ज्याची कोणी वाट पाहिली नाही, त्याची आज दोन ठिकाणी वाट पाहत होते, तीही एकाच मिनिटाला.

त्यांनी टाइप केलं, ‘पाणी आले आहे. पाच मिनिटांत येतो.’ आणि ते हॉलमधून, बीजगणिताच्या चौदा पोरांच्या मधून, बनियनवर, कानाला यंत्र लटकत असताना धावले. मीराताईंचा खडू फळ्यावरच राहिला.

गच्चीवर टाकीचं पाणी काठाला टेकलं होतं. “बंद करा!” खानविलकर कठड्यावरून ओरडले. खाली हितेश दुकानाबाहेर उभा होता, त्याने धावत जाऊन मोटार बंद केली. एक थेंब सांडला नाही. नथूकाका धापा टाकत वर आले, टाकीत डोकावले, जमिनीवरून हात फिरवला. हात कोरडा.

“दोन वर्सांत पयल्यांदा,” ते म्हणाले. “खानविलकर, तुमी मानूस आहात.”

खानविलकर परत आले तेव्हा पडद्यावर शांतता होती. काळ्या गडाच्या दारात चाळीस योद्धे आडवे पडले होते. भांडार मात्र जसंच्या तसं. शेवटच्या बाणापर्यंत हिशेब जुळत होता.

“काय झालं तुमच्या लढाईचं?” वर्ग सुटल्यावर मीराताईंनी विचारलं.

“मी एकटा वाचलो,” खानविलकर म्हणाले.

सोमवारी शॉनने त्यांच्या टेबलावर एक कागद ठेवला. आणि तो गेला. कागदावर लिहिलं होतं: ‘बाण: नऊशे बारा. योद्धे: शून्य. तपासून सही करावी.’ खाली शिक्का होता, तोही बरोबर जागी. खानविलकरांना वाईट वाटलं. पण सही त्यांनी केली, कारण आकडा बरोबर होता.

त्याच आठवड्यात सोसायटीने ठराव केला. नथूकाकांचे गुडघे दुखायला लागले होते. पाण्याचा सगळा कारभार, मोटार, टाकी आणि व्हॉल्व्ह, खानविलकरांकडे आला. चाव्यांचा जुडगाही आला. आता पाण्याच्या दिवशी पाणी आणि मधल्या दिवशी तक्रारी, आठ ते नऊ त्यांना बसायला फुरसत नसे. जिन्यात दारं उघडत. ‘खानविलकर साहेब, आज पाहुणे आहेत, पाच मिनिटं जास्त सोडाल का?’ ‘साहेब, आमच्या लाइनला जोर नाही हो.’ खानविलकर म्हणत, ‘लिहून द्या.’ आणि संजनाताईंसकट सगळी बिल्डिंग लिहून देई. नाव, मजला, बादल्या, कारण. ‘अमरगड’ला ते पुन्हा गेले नाहीत. तिकडून दर पंधरा दिवसांनी पत्र येई: ‘हे धाडसी योद्ध्या, राज्य संकटात आहे. तू कुठे आहेस?’ खानविलकर उत्तर पाठवत: ‘आपले पत्र मिळाले. आठ ते नऊ पाणी असल्याने येणे शक्य नाही.’

गेल्या महिन्यात हितेश धावतच वर आला. हातात कागद. “दादा, मिळालं! ऑटोमॅटिक स्विचचं तिसरं कोटेशन! दोन वर्षं झाली ना? आता पास करून टाका, सुटलात तुम्ही. टाकी भरली की मोटार आपोआप बंद. तुम्हाला बघायलाच नको.”

खानविलकरांनी कागद घेतला. चष्मा लावला. वरून खाली वाचला, खालून वर वाचला. बराच वेळ ते त्या ‘आपोआप’ शब्दावर थांबले.

“यावर तारीख नाही,” ते म्हणाले.

“मागच्या बाजूला आहे की,” वर्गाच्या पुढच्या गणितासाठी फळा पुसता पुसता मीराताई म्हणाल्या. त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

“मागच्या बाजूची ग्राह्य धरत नाहीत. परत पाठव, हितेश.”

मीराताई वळल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, कमरेच्या चाव्यांकडे पाहिलं, आणि पुन्हा फळा पुसायला लागल्या. तेवढ्यात गजर वाजला. आठ बावन्न. खानविलकर चपला घालून जिना चढू लागले. वरच्या मजल्यावर दार किलकिलं झालं.

“झाली का हो टाकी?”

“होतेय,” खानविलकर म्हणाले. “थांबा.”

आणि दार तसंच उघडं राहिलं.